तांदळांतलें नांव आणि दगडांतलें नांव

गेल्या मार्गशीर्षांत डोंबिवलीस एका स्नेह्यांच्या घरीं लग्नकार्यास जाण्याचा योग आला. वर महाराष्ट्रीय, वधू तामिळ. दोघेंही शिकलेलीं व मिळवतीं. दोन्हींकडील वडील मंडळींची संमति असल्यानें कार्य आनंदांत पार पडलें. वधूनें माप ओलांडलें, लक्ष्मीपूजनाची तयारी झाली आणि ताम्हनांत तांदूळ पसरून अंगठीनें नवें नांव लिहिण्याची वेळ आली. तेव्हां वधू हलक्या आवाजांत म्हणाली, "माझें नांव माझ्या आजीनें ठेवलेलें आहे. तेंच लिहिलें तर चालेल का?" क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग वराचे वृद्ध चुलते आमच्याकडे वळून म्हणाले, "अहो प्रोफेसर, तुम्ही इतिहास शिकवितां. सांगा आमच्या सूनबाईंना, ही आपली हजारों वर्षांची चाल आहे कीं नाहीं?"

शुभकार्यांत व्याख्यान नको म्हणून आम्ही हंसून गप्प बसलों, आणि उपाध्यायांनीं तूर्त नुसती 'श्री' लिहवून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनांतून जाईना. परक्या समाजांतून आलेल्या सुनेनें आपलें नांव, कुळ, भाषा, अन्न हें सर्व उंबऱ्याबाहेर ठेवून आंत यावें, ही अपेक्षा खरोखरच हजारों वर्षांची आहे काय? चुलत्यांनीं 'हजारों वर्षें' असा शब्द वापरला, म्हणून त्यांना तितकें मागें जाऊनच उत्तर देणें प्राप्त आहे. आणि नवल असें कीं, त्या उत्तराचा मुख्य पुरावा त्या लग्नघरापासून फारसा दूर नाहीं.

कल्याण हें आजच्या वाचकाला रेल्वेचें मोठें जंक्शन म्हणून ठाऊक असतें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत तें समुद्रापलीकडे ठाऊक होतें. त्या काळच्या एका ग्रीक खलाशानें लिहून ठेविलेल्या तांबड्या समुद्राच्या प्रवासवर्णनांत कल्याणचा उल्लेख आहे. पूर्वीच्या एका सातवाहन राजाच्या काळीं हें बंदर परदेशी व्यापाराला रीतसर खुलें होतें. पुढें तें दुसऱ्याच्या ताब्यांत गेलें, व्यापाराची अडवणूक होऊं लागली, आणि चुकून तेथें आलेलीं ग्रीक गलबतें पहाऱ्यांत भडोचला नेलीं जाऊं लागलीं, असें तो सांगतो. या ओळींमागें एक दीर्घ वैर आहे. दक्षिणेंत सातवाहन आणि गुजरात-माळव्याकडे शक क्षत्रप, या दोन सत्तांमध्यें कोंकणच्या बंदरांसाठीं आणि नाशिक-जुन्नरच्या घाटवाटांसाठीं कित्येक पिढ्या झगडा चालला होता. शक मूळचे बाहेरून आलेले. येथील लोकांच्या दृष्टीनें ते परके, आणि शत्रु तर होतेच.

गौतमीपुत्र सातकर्णि यानें क्षत्रप नहपानाचा पाडाव केला. सन १९०६ मध्यें नाशिक जिल्ह्यांत जोगलटेंभी येथें नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा सांठा सांपडला. १३ हजारांवर नाणीं त्यांत होतीं. त्यांपैकीं बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्रानें आपला ठसा पुन्हां उमटविलेला आहे. मात्र ठसा कितीही जोरानें मारला तरी खालचीं अक्षरें पुरतीं गेलीं नाहींत. पुष्कळ नाण्यांवर नहपानाचा मुखवटा व नांवाचीं अक्षरें अजून डोकावतात. हें नाणें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याची आठवण होईल.

या गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री. तिचा लेख नाशिकच्या लेण्यांत तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यावर आहे. नातू पुळुमावि याच्या कारकीर्दीच्या १९ व्या वर्षीं तिनें तें लेणें भिक्षुसंघास दान दिलें आणि त्या निमित्तानें दिवंगत मुलाची स्तुति कोरविली. त्या स्तुतींत दोन गोष्टी अभिमानानें सांगितल्या आहेत. एक, त्यानें शक, यवन व पह्लव यांचा नाश केला. आणि दुसरी, त्यानें चारही वर्णांचा संकर थांबविला. म्हणजे परक्याला हरविलें, व आपल्यांत कोणाला मिसळूं दिलें नाहीं. स्वतःविषयीं मात्र ती फार थोडें बोलते. सत्य, दान, क्षमा व अहिंसा यांत रमणारी, तप, दम, नियम व उपवास यांत तत्पर, अशी ती आपली ओळख करून देते, आणि राजर्षींची वधू या शब्दाला साजेल असें सर्व आचरण आपण केलें, असें सांगते. कुलस्त्रीकडून काय अपेक्षिलें जाई, याचें याहून स्पष्ट वर्णन मिळणें कठीण. वृद्ध राजमाता, जिचा मुलगा दक्षिणेचा स्वामी झाला, तीही आयुष्याचा हिशेब देतांना "मी सुनेचा शब्द राखिला" असाच देते.

आतां या लेण्यावरून साष्टीस येऊं. जुन्या ठाणें जिल्ह्यांतील साष्टी बेटांत कान्हेरीचीं लेणीं आहेत. कल्याणच्या सोनारांनीं, लोहारांनीं व व्यापाऱ्यांनीं तेथें दानें दिल्याचे लेख वाचावयास मिळतात. कान्हेरीचा संघ बऱ्याच अंशीं कल्याणच्या पैशावर पोसला गेला असें म्हटलें तरी चालेल. तेथेंच एका पाण्याच्या टाक्याजवळ एक लहानसा, फुटका लेख आहे. सातेरक नांवाच्या अमात्यानें तें टाकें दान दिलें, एवढाच त्याचा विषय. परंतु हा अमात्य ज्या राणीच्या पदरीं होता तिची ओळख लेखांत दिली आहे. ती वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी. ती कार्दमक राजांच्या वंशांत जन्मलेली. आणि ती एका महाक्षत्रपाची कन्या. महाक्षत्रपाच्या नांवाचें आरंभींचें 'रु' हें अक्षर तेवढें उरलें आहे. पण कार्दमक कुळांतला 'रु' म्हणजे रुद्रदामा, याविषयीं विद्वानांत फारसा मतभेद नाहीं.

वाचकांच्या लक्षांत आलें असेल. वासिष्ठीपुत्र सातकर्णि हा गौतमीपुत्राच्याच घराण्यांतला. बहुतेक अभ्यासक त्याला गौतमीपुत्राचा पुत्र मानतात. तसें असेल तर बलश्री ही या शक राजकन्येची आजेसासू झाली. शकांचा नाश व संकराचा अटकाव या ज्या दोन गोष्टी आजेसासूनें नाशिकच्या खडकावर कोरविल्या, त्याच घरांत शकांची मुलगी सून होऊन आली! कुळाच्या तोंडचें बोलणें एक आणि कुळाच्या देवडीवरचा व्यवहार दुसरा, हें आमच्या समाजांत तेव्हांपासून चालत आलेलें दिसतें.

ही सून कशासाठीं आणली हें गिरनारच्या पायथ्याशीं जुनागडच्या खडकावर समजतें. तेथें शकवर्ष ७२, म्हणजे इ. स. १५० च्या सुमारास, रुद्रदाम्याचा प्रसिद्ध लेख कोरलेला आहे. दक्षिणापथाच्या स्वामी सातकर्णीला आपण सरळ युद्धांत दोनदां जिंकिलें, पण संबंध जवळचा असल्यामुळें त्याला समूळ उखडलें नाहीं, असें रुद्रदामा तेथें सांगतो. दोन अभिमानी पुरुषांच्या मध्यें ती मुलगी तहाच्या कलमासारखी उभी होती. बापानें राज्याचा लचका तोडला, पण जांवयाचें घराणें ठेविलें. सासरीं तिला त्या दिवसांत काय ऐकावें लागलें असेल याचा लेख कोणीं कोरविला नाहीं. तिच्या मनांतलें कांहीं आम्ही सांगूं लागलों तर ती कादंबरी होईल, इतिहास नव्हे.

परंतु दगडावर जें आहे तेंही थोडें नाहीं. पहिली गोष्ट, सासरच्या राज्यांत, सासरच्या अमात्यानें दिलेल्या दानाच्या लेखांत तिचें माहेर झांकलेलें नाहीं. ती कार्दमक कुळाची आहे हें मुद्दाम, मोठेपणानें सांगितलें आहे. दुसरी गोष्ट भाषेची. सातवाहनांचे लेख प्राकृतांत असतात. संस्कृतांत लांबलचक राजलेख कोरविण्याची प्रथा पुढें आणली ती याच रुद्रदाम्यानें. जुनागडचा लेख तिचा ठळक नमुना. आणि कान्हेरीचा हा फुटका लेख संस्कृतांत आहे! सुनेबरोबर माहेरची दरबारी रीत सासरीं आली, असें अभ्यासकांनीं यावरून मानिलें तें वावगें वाटत नाहीं. सासर बदलणाऱ्या मुलीनें सर्व कांहीं शिकावें आणि घरानें तिच्याकडून कांहींच शिकूं नये, असा नियम निदान या घरांत दिसत नाहीं.

तिसरी गोष्ट राजाच्या नांवांतच आहे. गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र हीं नांवें आईच्या गोत्रावरून आहेत. गौतमी व वासिष्ठी हीं त्या स्त्रियांच्या माहेरचीं गोत्रनामें. विवाहानंतर स्त्री पतीच्या गोत्रांत जाते असें पुढील धर्मशास्त्र शिकवितें व आपणही तसेंच मानतों. पण दक्षिणेच्या या बलाढ्य राजांनीं आईचें माहेरचें गोत्र आपल्या नांवाच्या अग्रभागीं मिरविलें, आणि तें नाण्यांवर पाडून बाजारांत फिरविलें. महाराष्ट्र सरकारनें १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नांवांत बापाच्या आधीं आईचें नांव लिहिण्याचा नियम केला, तेव्हां कित्येकांना ती परकी कल्पना वाटली. ती याच मातींतली आहे.

येथें चुलते म्हणतील, "राजाच्या मुलीचें उदाहरण आम्हांला कशाला? जिचा बाप दोनदां स्वारी करून येतो तिचें माहेर कोण विसरेल?" ही शंका रास्त आहे, आणि तिचा अर्धा भाग आम्हांस मान्यही आहे. कार्दमक राणीचा मान हा बव्हंशीं तिच्या बापाच्या सैन्याचा मान होता. ज्या सुनेच्या मागें सैन्य, संपत्ति किंवा प्रतिष्ठा आहे तिच्या चालीरीति 'थोर घराण्याच्या' ठरतात, आणि जिच्या मागें तें कांहीं नाहीं तिच्या त्याच चालीरीति 'वळण नसल्याच्या' ठरतात, हा अनुभव आजही विरळा नाहीं.

पण शंकेच्या उरलेल्या अर्ध्या भागाला नाशिकचें दुसरें एक लेणें उत्तर देतें. तिसऱ्या शतकांत आभीर राजा ईश्वरसेन याच्या कारकीर्दींत विष्णुदत्ता नांवाच्या एका उपासिकेनें तेथील संघाला कायम ठेव दिली. आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठीं तिनें आपला पैसा नाशिकच्या कारागीरांच्या श्रेणींकडे व्याजीं ठेविला. त्यांत पाण्याचीं यंत्रें करणारे होते, तेली होते. ती कोणी राणी नव्हती. नवरा रेभिल आणि मुलगा विश्ववर्मा हे दोघेही गणपक, म्हणजे हिशेबाच्या कामावरचे. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर नोकरपेशा मध्यम वर्गाचें कुटुंब. तिचें स्वतःचें नांव विष्णूवरून, बापाचें नांव अग्निवर्मा; येथल्या भाषेंत व धर्मांत हें कुटुंब पुरें मिसळलें होतें. असें असूनही बाई आपल्या लेखांत स्वतःला शकनिका, शकांची मुलगी, असें म्हणविते. नवऱ्याचें नांव आहे, मुलाचें आहे, आणि त्यांच्या बरोबरीनें जन्माचें कुळही आहे. कोणाला खोडून कोणाला लिहिलेलें नाहीं.

हा मोकळेपणा तिला कोठून आला? तिच्या मागें सैन्य नव्हतें. हातीं पैसा होता, आणि तो कोणत्या श्रेणींत, कोणत्या कामासाठीं ठेवावा हें तिला स्वतः ठरवितां येत होतें. ज्या स्त्रीला स्वतःच्या नांवें दान देतां येतें तिला स्वतःचें नांव ठेवतांही येतें. आमच्या मतें या सगळ्या प्रकरणाची किल्ली येथें आहे.

मधलीं शतकें ओलांडून कल्याणला परत येऊं. तेथें ३१ मार्च १८६५ रोजीं जोशी यांच्या घरीं यमुना नांवाची मुलगी जन्मली. सन १८७४ मध्यें, नवव्या वर्षीं, तिचें लग्न झालें. नवऱ्याचें आडनांवही जोशीच. जात तीच, भाषा तीच, अन्न तेंच. तरीही यमुनेची आनंदी झाली, आणि जगाला ती डॉक्टर आनंदीबाई जोशी म्हणूनच ठाऊक आहे. म्हणजे नांव बदलण्याचा परक्या समाजाशीं कांहीं अवश्य संबंध नव्हता. जेथें मिटविण्यासारखें वेगळेपण कांहींच नव्हतें तेथेंही मिटविण्याचा विधि होताच. हीच आनंदीबाई अमेरिकेस निघाली तेव्हां २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं श्रीरामपूर येथील सभेंत तिला आश्वासन द्यावें लागलें कीं, आपण हिंदु म्हणून जाऊं व हिंदु म्हणूनच परत येऊं. लुगडें आणि शाकाहार तिनें त्या थंड देशांत संभाळला. १८८६ च्या मार्चमध्यें फिलाडेल्फियास तिला पदवी मिळाली, आणि पुढच्याच वर्षीं २६ फेब्रुवारीस पुण्यांत तिचा अंत झाला. घर सोडणाऱ्या स्त्रीनें घराची प्रत्येक रीत अंगावर वागवावी, आणि घरांत येणाऱ्या स्त्रीनें आपली प्रत्येक रीत टाकून यावें! या दोन अपेक्षा परस्परविरुद्ध दिसतात, पण दोन्हींचा भार एकाच खांद्यावर आहे.

त्या पदवीदानाच्या वेळीं हजर असलेल्या पंडिता रमाबाई आनंदीबाईंच्या नात्यांतल्या. त्यांनीं १८८० सालीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली कायस्थ वकिलाशीं विवाह केला. भाषा निराळी, जात निराळी, प्रांत निराळा. धर्मविधीनें असा विवाह लागणें शक्य नव्हतें, म्हणून तो १८७२ च्या तिसऱ्या कायद्याखालीं झाला. त्या कायद्याची अट अशी कीं, वधूवरांनीं आपण हिंदु, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी वगैरेंपैकीं कोणीही नाहीं असें जाहीर करावें. कलकत्त्याच्या पंडितांनीं गौरविलेल्या स्त्रीला लग्नासाठीं आपण हिंदु नाहीं असें लिहून द्यावें लागलें! ही अट हिंदु, बौद्ध, शीख व जैन यांच्यापुरती १९२३ सालीं सर हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नानें शिथिल झाली, आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानें ती पार नाहींशी केली.

शकनिका विष्णुदत्तेच्या त्याच नाशकांत, सोळाशें वर्षांहून अधिक काळानें, आणखी एक विधि झाला. १९२८ च्या मार्चमध्यें नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीला शंकराचार्य डॉक्टर कुर्तकोटी यांनीं शुद्ध करून हिंदु धर्मांत घेतलें, आणि नंतर तिचा विवाह इंदूरचे माजी महाराज तुकोजीराव होळकर यांच्याशीं झाला. नांव शर्मिष्ठा ठेविलें. तिनें तें खुषीनें स्वीकारलें, आणि परकीला घरांत घेण्याचें औदार्य त्या काळीं लहान नव्हतें, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. तरीही दोन चित्रें शेजारीं ठेवून पाहावीं. एका काळीं शकांची मुलगी शकांचीच म्हणून घरांत होती. दुसऱ्या काळीं मुलीला घरांत यावयाचें तर आधीं दुसरी कोणी व्हावें लागलें. हजारों वर्षांची चाल यांतली कोणती?

कायद्यालाही हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाहीं. वलसाडच्या एका पारशी स्त्रीनें हिंदूशीं विशेष विवाह कायद्यानें लग्न केलें. लग्नाबरोबर तिचा धर्म पतीच्या धर्मांत विलीन होतो, असें गुजरात उच्च न्यायालयानें २०१२ सालीं मानिलें; पुढें २०१७ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें तेथील अंजुमननें आईबापांच्या अंत्यविधीला तिला येऊं देण्याचें कबूल केलें. आईबापांचें अखेरचें दर्शन घेतां यावें म्हणून मुलीला देशाच्या सर्वोच्च न्यायासनापर्यंत जावें लागलें. आणि महाराष्ट्रानें १९९४ सालीं वडिलोपार्जित मिळकतींत मुलींना हिस्सा दिला तोही त्यापूर्वीं लग्न झालेल्या मुलींना वगळून. तो भेद २००५ च्या केंद्रीय कायद्यानें गेला. लग्न झालें कीं मुलगी संपली, ही समजूत अंगठीनें तांदळांत लिहिली जाते तशी कायद्याच्या कागदावरही लिहिली गेली होती.

तेव्हां चुलत्यांना आमचें उत्तर असें. चाल जुनी आहे, हें खरें. पण ती एकमेव नाहीं, आणि सर्वांत जुनीही ठरत नाहीं. नवें नांव मायेनें दिलेलें असूं शकतें, आणि तें आयुष्यभर प्रेमानें वागविणाऱ्या स्त्रिया आमच्याही घरांत होऊन गेल्या आहेत. त्यांचा उपहास करण्याचा आमचा हेतु नाहीं. सून आपल्या घरची भाषा शिकेल, गौरी बसवील, पुरणाचा घाट घालील. तसें तिनें करावें अशी इच्छा असण्यांतही गैर कांहीं नाहीं. पण इच्छा आणि अट यांत अंतर आहे. तिनें सर्व शिकावें आणि घरानें तिच्या आजीचें नांवही उच्चारूं नये, हा व्यवहार सातवाहनांनीं शत्रूच्या मुलीशींही केला नाहीं.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. कान्हेरीच्या त्या लेखांत राणीच्या नवऱ्याचें नांव आहे, माहेरच्या कुळाचें आहे, अमात्याचें आहे, बापाच्या नांवाचें एक अक्षर आहे. तिचें स्वतःचें नांव मात्र दगडाच्या फुटलेल्या भागाबरोबर गेलें. तें कोणी पुसलें नाहीं. अठराशें वर्षांच्या पावसानें तें नेलें, आणि त्याला इलाज नाहीं. डोंबिवलीच्या त्या ताम्हनांतले तांदूळ मात्र आपल्या हातांत आहेत. कार्याच्या घरांतून निघतांना आम्हीं पाहिलें तों चुलते सूनबाईंना विचारीत होते, "तुमच्या आजींनीं ठेवलेल्या नांवाचा अर्थ काय बरें?" प्रश्न अंमळ गुरगुरतच विचारलेला होता, पण विचारला होता.